उरल्यासुरल्याचे सूप: सुरुवात पाण्यापासून

मोड आलेली मटकी शिजली की ती रोवळीत ओतायची आणि खालचे पाणी मोरीत सोडून द्यायचे, ही सवय आज अनेक घरांत लागली आहे. ते पाणी तपकिरी असते, बोटांना किंचित चिकट लागते आणि त्याला ओल्या मातीसारखा मंद, गोडसर वास येतो. त्याला तूप-जिऱ्याची फोडणी दिली, दोन आमसुले आणि चवीपुरते मीठ घालून पाच मिनिटे उकळले, तर दोघांना पुरेल इतके गरम सार तयार होते आणि त्यासाठी बाजारातून काहीही आणावे लागत नाही. उरलेल्या जिन्नसांतून सूप करायला शिकू इच्छिणाऱ्याने पहिला धडा या मोरीपाशीच घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

मराठी स्वयंपाकाला ही गोष्ट मुळीच नवी नाही. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवून वेळून काढलेले पाणी म्हणजे कट, आणि होळीच्या दिवशी पुरणपोळीबरोबर जी आमटी होते ती याच कटाची. कडधान्य शिजवून काढलेले पाणी म्हणजे कळण, मूग शिजवून घोटून केलेले पातळ म्हणजे कढण, कोकणात आणि गोव्यात रोजच्या जेवणातली ती भाताची पेज, आणि कोल्हापूरकडे मटण शिजवताना मसाला पडण्याआधी काढून घेतलेले हळद-मिठाचे पाणी ते अळणी. संस्कृतात सूप या शब्दाचा अर्थच शिजवलेल्या डाळीचे पातळ कालवण असा आहे आणि स्वयंपाक करणाऱ्याला सूपकार म्हणत. तेव्हा सूप हा परका पदार्थ आहे असे मानून त्यासाठी तयार पाकिटे आणण्याची गरज नाही.

हा लेख घराबाहेर पहिल्यांदाच एकटे राहून स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी आणि नुकताच संसार मांडलेल्यांसाठी आहे. त्यात वाटी म्हणजे आमटीची नेहमीची, साधारण १५० मिलिलीटर पाणी मावणारी वाटी समजावी. साधन म्हणून एक कुकर, एक जाड बुडाचे पातेले, एक गाळणी आणि घोटण्यासाठी रवी एवढे पुरते. मिक्सर असल्यास काम लवकर होते, पण नसला म्हणून काही अडत नाही.

आधी पारख

काटकसर म्हणजे विटलेले अन्न खपवणे नव्हे, हे सर्वांत आधी मनाशी पक्के करावे. उरलेल्या पदार्थाचे झाकण काढल्यावर आंबूस वास आला, पळी उचलताना तार सुटली, कडेला बुडबुडे दिसले किंवा कुठेही बुरशीचा ठिपका आढळला, तर तो पदार्थ उकळून सुधारत नाही. बुरशी वरवर दिसते तेवढीच नसते, त्यामुळे ओल्या पदार्थावरची बुरशी काढून खालचे वापरण्याचा मोह टाळावा.

वास चांगला असूनही फसवू शकणारा पदार्थ म्हणजे भात. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट अवस्थेत ओट्यावर राहिला की ते वाढू लागतात, आणि त्यांनी तयार केलेले एक प्रकारचे विष पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून सूपात घालायचा भात जेवण झाल्यावर लगेच पसरट ताटलीत काढून निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात घेऊ नये. इतर शिजवलेल्या पदार्थांसाठीही साधा नियम असा, की पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात ते कमीत कमी वेळ राहावेत: शिजल्यापासून दोन तासांत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरातच ते फ्रिजमध्ये जावेत. ओल्या नारळाचे वाटण घातलेली भाजी सर्वांत लवकर विटते, हे कोकणातल्या घरांना सांगावे लागत नाही. देशावरच्या नवशिक्यांनी मात्र ते ध्यानात ठेवावे.

काही कच्च्या जिन्नसांबाबतही सावध राहावे. बटाट्याची हिरवट झालेली साल आणि कोंब सूपात घालू नयेत. दुधी चिरल्यावर त्याचा कणभर तुकडा जिभेवर ठेवून पाहावा आणि तो कडू लागला तर थुंकून सगळा दुधी टाकून द्यावा, कारण तो कडूपणा विषारी द्रव्याचा असतो आणि कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसे दगावलेली आहेत. राजमा भिजवलेले पाणी नेहमी ओतून द्यावे, राजमा नव्या पाण्यात पूर्ण शिजवावा आणि मगच ते शिजवलेले पाणी सूपाला घ्यावे. अर्धवट शिजलेला राजमा पोटाला फार त्रास देतो.

देठांचा डबा

सूपाचे पाणी रोजच्या भाज्यांच्या देठांतून होते, आणि त्यासाठी फ्रीजरमध्ये झाकणाचा एक डबा कायमचा राखून ठेवावा. आठवडाभर भाजी निवडताना जे बाजूला पडते ते आधी स्वच्छ धुऊन, पाणी निथळून, या डब्यात टाकत जावे. कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरचा दांडा आणि आतली कोवळी पाने, कोबीचा मधला कंद, पालकाचे देठ, गाजराची टोके, कांद्याचे वरचे जाडसर पापुद्रे, कोवळ्या दुधीची साल, मटार सोलून उरलेल्या शेंगा, दाणे काढून घेतलेली मक्याची कणसे हे सगळे यात चालते. मक्याच्या कणसाला विशेष मान द्यावा, कारण वीस मिनिटे उकळल्यावर त्यातून उतरणारा गोडवा साखर घालून येत नाही. मटारच्या शेंगांना आतून कागदासारखा पापुद्रा असतो, तो शिजत नाही. म्हणून त्या उकळून, दाबून, गाळूनच घ्याव्यात.

डब्यात काय जाऊ नये हेही तितकेच महत्त्वाचे आहे. कारले आणि मेथीचे देठ पाणी कडवट करतात, बीट सगळ्यावर आपला रंग आणि चव चढवते, वांग्याच्या देठाने पाणी काळवंडते. मुळ्याचा पाला थोडा चालतो, जास्त झाला तर उग्र लागतो. कोबी आणि फ्लॉवर यांचे प्रमाण डब्यातल्या एकूण मालाच्या चौथाईपेक्षा वाढू देऊ नये, कारण ते जास्त वेळ उकळले की त्यांतल्या गंधकयुक्त द्रव्यांचा वास घरभर पसरतो आणि सूपातही उतरतो. दुकानातून आणलेल्या भाजीला माती आणि फवारणीचा अंश असू शकतो, त्यामुळे साली वापरायच्या असतील तर भाजी चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली नीट चोळून धुवावी. चिरल्यावर धुण्याने काम भागत नाही.

पाणी काढणे

डबा भरला की हे काम एकदाच करावे. साधारण चार वाट्या देठ-साली, एक चिरलेला कांदा, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, चार-पाच काळी मिरी आणि एक तमालपत्र असे घेऊन त्यावर आठ वाट्या पाणी घालावे. कुकरमध्ये एक शिटी झाली की आच मंद करून दहा मिनिटे ठेवावे. पातेल्यात करायचे असल्यास झाकण अर्धवट ठेवून अर्धा तास संथ उकळावे. याहून जास्त वेळ ठेवून चव वाढत नाही, उलट पाणी कडवट होते. कुकरची वाफ आपोआप जिरली की पाणी गाळून घ्यावे, देठ डावाने दाबावेत आणि मग चोथा कुंडीतल्या खताला द्यावा.

या पाण्यात मीठ अजिबात घालू नये. नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक हीच आहे, कारण हे पाणी पुढे ज्या वरणात किंवा भाजीत मिसळायचे असते त्यात आधीच मीठ असते, आणि दोन्ही मिळून जो खारटपणा येतो त्याला नंतर फारसा इलाज राहत नाही.

देठ साठलेले नसले तरी घरात रोज काही ना काही पाणी निघतेच. उसळीसाठी कडधान्य शिजवताना नेहमीपेक्षा तीन वाट्या पाणी जास्त घातले की कळण मिळते. भात वेळून केला तर त्याची पेज मिळते. ती दाट असल्याने पाणी आणि दाटपणा ही दोन्ही कामे करते, फक्त त्याच दिवशी वापरावी. पनीर घरी केले तर उरलेले हिरवट पिवळे पाणी साराला उत्तम, पण दूध लिंबाने फाडलेले असते म्हणून त्यात पुढे आंबट घालण्याआधी चव पाहावी. भाज्या उकडताना ब गटातली जीवनसत्त्वे आणि काही क्षार पाण्यात उतरतात, त्यामुळे बटाटे-रताळी सोडून बाकी भाज्या उकडलेले पाणी ओतून देण्याचे काही कारण नाही. बटाट्याचे पाणी मात्र मातकट लागते. ते मी घेत नाही.

एकच मुख्य जिन्नस

फ्रिजमध्ये चार डब्यांत चार पदार्थ उरले आहेत म्हणून ते चारही एका पातेल्यात ओतावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वतंत्र स्वयंपाक सुरू केला त्या पहिल्या वर्षी मी मेथीची भाजी, बिटाची कोशिंबीर आणि गोडा मसाला घातलेली मटकीची उसळ अशी तिन्ही एकत्र उकळली होती. रंग गढूळ जांभळा झाला, मेथीचा कडवटपणा आणि मसाल्याचा वास एकमेकांशी भांडत राहिले आणि शेवटी तिन्ही पदार्थ वाया गेले, जे वेगवेगळे पोळीबरोबर सहज संपले असते. तेव्हापासून मी एका सूपात उरलेला शिजवलेला पदार्थ एकच घेते आणि बाकीची भर ताज्या किंवा कच्च्या जिन्नसाची घालते.

हा एक पदार्थ कोणता, त्यावर पुढची दिशा ठरते. साधे वरण उरले असेल तर त्याचे काम सर्वांत सोपे, कारण त्यात तिखट-मसाला नसतो आणि ते कुठल्याही भाजीशी जुळते: एका वाटीला अडीच वाट्या पाणी घ्यावे. मसाल्याची आमटी किंवा रस्साभाजी असेल तर एका वाटीला तीन वाट्या बिनमिठाचे पाणी आणि एक शिजवलेला बटाटा घेऊन घोटावे, म्हणजे तिखट आणि मीठ दोन्ही पसरतात. अशा सूपाला वेगळी फोडणी देऊ नये. बटाट्याची पिवळी सुकी भाजी पाणी घालून घोटली की उत्तम दाट सूप होते, मात्र त्यातली हिरवी मिरची आधी वेचून काढावी. फ्लॉवर-मटार, दुधी, कोबी, दोडका या परतलेल्या भाज्याही अशाच चालतात. भेंडी बुळबुळीत होते, गवार चोथट होते आणि भरली वांगी शेंगदाण्याच्या कुटासह पाण्यात गेली की त्यांचे तेल वर तरंगते. या तिघींना सूपाच्या वाटेला नेऊ नये.

कच्च्या जिन्नसांपैकी सूपासाठी मी सर्वांत जवळचा मानते तो लाल भोपळा. चतकोर फोड आणली तरी एका भाजीत ती संपत नाही, कापलेल्या बाजूने सुकू लागते, आणि नेमक्या याच अवस्थेत ती शिजवून घोटली तर तिच्यामुळे सूपाला रंग, गोडवा आणि दाटपणा एकदम मिळतो. फार पिकून मऊ झालेले टोमॅटो, शेवटच्या दोन-चार शेवग्याच्या शेंगा, मलूल झालेला पालक यांचेही तसेच. शेवग्याच्या शेंगा उकडून चमच्याने आतला गर खरवडून घ्यावा आणि साल टाकून द्यावी.

दाटपणा आणि चव

पाणी आणि मुख्य जिन्नस एकत्र आले की सूप बहुधा पातळ दिसते आणि नवशिका लगेच मक्याचे पीठ शोधू लागतो. घरात त्याहून चवदार पर्याय असतात. शिजलेली मूगडाळ दोन मोठे चमचे, किंवा एक कुस्करलेला बटाटा, किंवा मूठभर घोटलेला भात यांपैकी एक चार वाट्या सूपाला पुरतो. पीठच लावायचे असल्यास तांदळाचे किंवा ज्वारीचे पीठ एक मोठा चमचा घ्यावे, अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहतील असे कालवावे, उकळत्या सूपात धार धरून ओतावे आणि एकीकडे ढवळत राहावे. मग पाच मिनिटे तरी शिजू द्यावे, नाहीतर पिठूळ चव राहते. गरम सूपात कोरडे पीठ भुरभुरवल्यास गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. डाळीचे आणि पिठाचे सूप निवल्यावर आणखी आळते, म्हणून आचेवरून उतरवताना ते हवे त्यापेक्षा जरा पातळच असावे.

ताक उरले असेल तर कढीच्या वाटेने जावे. दोन वाट्या ताकाला एक मोठा चमचा बेसन आधीच घुसळून लावावे, त्यात शिजलेला पालक किंवा दुधीचा गर मिसळावा आणि मंद आचेवर सतत ढवळत गरम करावे. बेसनामुळे ताक फुटत नाही, पण मोठ्या आचेवर खळखळून उकळले तर तेही निरुपयोगी ठरते. दूध घालायचे असेल तर त्यात टोमॅटो, आमसूल किंवा लिंबू असू नये, आणि दूध आच बंद केल्यावरच घालावे.

चव लावण्याचा क्रम मात्र काटेकोर पाळावा. आधी सूप पूर्ण उकळून हव्या त्या दाटपणाला आणावे, कारण आटल्यावर मीठही घट्ट होते. मग चव पाहून मीठ. त्यानंतर आंबट: डाळीच्या सूपाला आमसूल किंवा चिंचेचा कोळ, भाजीच्या सूपाला आच बंद केल्यावर लिंबू. आंबट लागले की लगेच सुपारीएवढा गुळाचा खडा, जो गोड लागण्यासाठी नसून आंबटाची धार कमी करण्यासाठी असतो. सूप बेचव वाटले तर नवशिके मीठच वाढवत जातात. माझा अनुभव असा, की दहातल्या आठ वेळा उणीव आंबटाची असते, आणि दोन थेंब लिंबू पिळताच तेच सूप जिवंत होते. आंबट घातलेले सार ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये.

फोडणी सर्वांत शेवटी आणि एकाच प्रकारची द्यावी. तूप-जिरे-हिंग ही मूग, भोपळा, दुधी, टोमॅटो या सगळ्यांना चालणारी फोडणी आहे. ठेचलेला लसूण तेलात सोनेरी करून घातलेली फोडणी पालक, मसूर आणि शेवगा यांना शोभते. फोडणीची पळी तापवून, जिरे तडतडताच ती तशीच सूपात बुडवावी आणि झाकण ठेवावे, म्हणजे चर्र झालेला वास उडून न जाता आत मुरतो.

एका संध्याकाळचे सूप, पहिल्यापासून

समजा दुपारचे वाटीभर वरण उरले आहे, लाल भोपळ्याची वीतभर फोड कडेने सुकली आहे आणि कोथिंबिरीच्या जुडीत पानांपेक्षा काड्या जास्त आहेत. भोपळ्याची जाड साल आणि बिया काढून गराच्या मोठ्या फोडी कराव्यात. त्या दोन वाट्या भरतील. पातेल्यात एक चमचा तेल तापवून त्यात अर्धा चिरलेला कांदा आणि बारीक केलेल्या कोथिंबिरीच्या काड्या घालाव्यात. कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा. लाल होऊ देऊ नये, कारण भाजलेल्या कांद्याची चव भोपळ्याला दाबते. आता भोपळ्याच्या फोडी टाकून दोन मिनिटे परताव्यात, अडीच वाट्या देठांचे पाणी किंवा कळण ओतावे आणि झाकण ठेवावे. दहा-बारा मिनिटांत फोड सुरीच्या टोकाने सहज तुटली की त्यात वरण घालावे आणि रवीने पातेल्यातच घोटावे. मिक्सरमध्ये वाटायचे असेल तर आधी कोमट होऊ द्यावे. गरम पातळ पदार्थाची वाफ बंद भांड्यात कोंडली की झाकण उडून अंगावर येते आणि भाजते.

घोटलेले सूप पुन्हा आचेवर ठेवून एक दणदणीत उकळी आणावी, कारण वरण शिळे आहे आणि ते नुसते कोमट होऊन चालणार नाही. या टप्प्यावर चव पाहिली तर मीठ जवळजवळ पुरेसे आहे आणि गोडवा जरा जास्त आहे असे लक्षात येईल. म्हणून इथे गूळ नको. चिमूटभर मीठ, पाव चमचा मिरपूड आणि तूप-जिऱ्याची फोडणी द्यावी, आच बंद करावी आणि अर्धे लिंबू पिळावे. शिळी पोळी असल्यास तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे करून तव्यावर थेंबभर तुपात कुरकुरीत भाजावेत आणि वाढताना वर घालावेत. सगळ्याला मिळून अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत नाही आणि तिघांचे रात्रीचे हलके जेवण होते.

कटाची आमटी

पुरण घालणार असाल त्या दिवशी कट कधीही सोडू नये. एक वाटी हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून कुकरमध्ये चार वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून चार शिट्यांपर्यंत शिजवावी. तेलामुळे फेस शिटीतून बाहेर येत नाही. गूळ घालण्यापूर्वी डाळ वेळून पाणी वेगळे काढावे. हे साधारण अडीच वाट्या भरते. त्यात शिजलेल्या डाळीतलीच दोन मोठे चमचे डाळ घोटून मिसळावी, नाहीतर आमटीला अंग येत नाही आणि मसाला खाली बसतो.

दोन मोठे चमचे किसलेले सुके खोबरे आणि एक लहान चमचा जिरे कोरडेच खमंग भाजून बारीक वाटावे. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात हे वाटण क्षणभर परतावे, दीड लहान चमचा गोडा मसाला आणि चवीपुरते तिखट टाकावे, आणि मसाला करपण्याआधीच कट ओतावा. चिंचेचा कोळ दोन चमचे, तेवढाच गूळ आणि मीठ घालून आठ-दहा मिनिटे मंद उकळावे. ही आमटी पातळच असायला हवी आणि ती दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागते, म्हणून नवशिक्याने पहिल्यांदा करताना थोडी जास्तच करावी. गुजराती घरांत तुरीच्या डाळीच्या पाण्याचे ओसामण करतात, तेही याच घराण्यातले.

सामिष घरांसाठी

मटण शिजवताना हळद, मीठ, आले-लसूण आणि कांदा एवढ्यावरच दोन वाट्या पाणी जास्त घालावे आणि मसाला पडण्याआधी तेवढी अळणी बाजूला काढून घ्यावी. त्यावर मिरपूड आणि कोथिंबीर घातली की लहान मुले आणि आजारी माणसे दोघेही आनंदाने पितात. कोंबडीची शिजलेली हाडे फेकण्याआधी कांदा आणि मिरीसह तासभर मंद आचेवर उकळावीत आणि पाणी गाळून घ्यावे. ताटात उष्टी झालेली हाडे घेऊ नयेत. वाढण्याआधीच मांस सोडवून हाडे वेगळी ठेवलेली असावीत.

कोळंबीची डोकी आणि टरफले थेंबभर तेलात लाल होईपर्यंत परतून पंधरा मिनिटे उकळली तर गडद, सुगंधी पाणी मिळते. खेकड्याच्या बारीक नांग्या पाण्यासह खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये वाटून ते पाणी दोनदा गाळून घेण्याची किनारपट्टीवरची रीत तर शिकून घ्यावी अशीच आहे. दुसऱ्यांदा स्वच्छ कापडातून गाळावे, म्हणजे कवचाचा कण घशाला लागत नाही. मासळीचे पाणी वीस मिनिटांपेक्षा जास्त उकळू नये आणि साठवूही नये, त्याच दिवशी वापरावे.

चुकले तर

सूप खारट झाले तर त्यात कच्चा बटाटा टाकून मीठ शोषले जाते असे सांगतात, पण प्रत्यक्षात बटाटा फक्त आपल्यापुरते खारट पाणी घेतो, उरलेले तितकेच खारट राहते. खरा उपाय म्हणजे बिनमिठाचे पाणी आणि बिनमिठाची शिजलेली डाळ घालून सूप वाढवणे. तिखट झाले तर नारळाचे दूध किंवा आच बंद करून घुसळलेले दही घालावे. बुडाला लागले तर ढवळू नये, खरवडू नये. वरचे अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्यावे आणि चव पाहावी. जळका वास त्यातही उतरला असेल तर कुठलाही मसाला तो झाकू शकत नाही.

तयार सूप फ्रिजमध्ये दोन दिवस चांगले राहते. खायचे तेवढेच पुन्हा उकळावे, सगळे पातेले दर वेळी तापवून परत आत ठेवू नये. डाळीचे आणि भोपळ्याचे सूप फ्रीजरमध्ये महिनाभर टिकते. बटाट्याचे रवाळ होते, ताकाचे आणि नारळाच्या दुधाचे फुटते. गोठवताना डबा काठोकाठ भरू नये, कारण पाणी गोठताना फुगते.

आणि एवढे करूनही दुसऱ्या दिवशी तळाशी अर्धी वाटी दाट सूप राहिलेच, तर थालिपिठाची भाजणी पाण्याऐवजी त्यातच भिजवावी, वर बारीक चिरलेला कांदा आणि चिमूटभर ओवा घालावा आणि तव्यावर नेहमीपेक्षा जरा जाडसर थापावे, कारण सूपातल्या डाळीमुळे हे पीठ मऊ होते आणि पातळ थापलेले थालीपीठ उलटताना तुटते.